उड्या मारणाऱ्या कोळ्याची बरणी उलटी ठेवा

घरातल्या भिंतीवर माशीमागे मांजरासारखा दबा धरणारा छोटा राखाडी कोळी पाळायला सोपा आहे. सोलापुरात तो उपासानं क्वचित मरतो. मरतो तहानेनं, नाहीतर आपणच त्याचं घरटं फाडतो म्हणून.

हा शिकारीसाठी जाळं लावत नाही, पण बरणीत सगळ्यात वरच्या कोपऱ्यात रेशमाची पिशवी विणून रात्री तीत झोपतो. झाकण वर असलं की उघडताना पिशवी फाटणारच. म्हणून 10 सेंमी रुंद, 15 सेंमी उंच पारदर्शक प्लास्टिकची बरणी झाकण खाली करून ठेवा. समोरासमोरच्या बाजूंना तापवलेल्या टाचणीनं पंधरा-वीस भोकं पाडा. 1 मिमीपेक्षा मोठी झाली तर चिलटं निसटतात. खाणं सोडायला बाजूला 1 सेंमीचं भोक आणि त्यात कापसाचा बोळा. आत एक वाळकी काडी तिरकी टेकवा. कोळी पकडताना वर पेला ठेवून खालून कागद सरकवा. एका बरणीत एकच. दोन ठेवले तर एकाचं जेवण होतं.

पाणी दिवसाआड, बरणीच्या आतल्या बाजूला दोन-तीन थेंब. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की रोज सकाळ-संध्याकाळ. तळाशी साचू देऊ नका, बुरशी धरते. पत्र्याची खोली आणि खिडकीतलं ऊन टाळा. कोळी पाय लांबवतो तो अंगातल्या द्रवाच्या दाबानं, त्यामुळे पाय पोटाखाली आखडले तर तहान टोकाला गेली समजा. लगेच तोंडाजवळ एक थेंब ठेवा, अंगावर नाही.

खायला चिलटं. दुसऱ्या बरणीत पिकल्या केळ्याची साल टाकून उघडी ठेवा, चिलटं शिरली की तोंडाला सुती कापड बांधा. दहा-बारा दिवसांत नवी पैदास होते. मात्र 30 अंशांच्या आसपास नर चिलटं वांझ होऊ लागतात, म्हणून मे महिन्यात हा कारखाना बंद पडतो. बरणीभोवती ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळून माठाशेजारी ठेवली तर थोडा तग धरते. नाहीतर बारक्या घरमाश्या पकडा. मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एक माशी, पिल्लाला दिवसाआड एक-दोन चिलटं. मुंग्या नकोत, त्या उलट कोळ्यालाच चावतात. फवाऱ्यानं मेलेली माशी तर नकोच, आणि त्या खोलीत मच्छर अगरबत्तीही लावू नका.

पिशवीचं तोंड बंद करून कोळी आठवडा-दोन आठवडे दिसेनासा झाला तर तो बहुधा कात टाकतोय. हलवू नका, उघडू नका, शिल्लक माशी काढून घ्या. पाण्याचे थेंब चालू ठेवा. बाहेर आल्यावर दोन दिवस थांबून पहिलं चिलट सोडा, नवे सुळे तोवर मऊ असतात.