कम्युनिटी पोस्टिंगला जाताय? वस्तीत सापडलेल्या सुईचं काय करायचं ते आधी वाचून घ्या

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नाहीतर बीएस्सी नर्सिंगची पहिली कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे वस्तीत जाऊन काम शिकायची पाळी, लागली की पोरी बीपी, रजिस्टर, सर्व्हेचा फॉर्म हेच विचारत बसतात, वापरलेल्या सुयांचं कुणी विचारत नाही. आणि वस्तीत गेलं की कुणीतरी हाक मारतंच, "ओ सिस्टर, इथं सुई पडलीय बघा की!" मी सोलापुरात पूर्व भागातल्या वस्त्यांमध्ये काम करते, तिथं जे शिकायला मिळालं ते लिहितेय, आशाताईंना आणि एनएसएसच्या पोरांनाही उपयोगी पडेल.

सुई दिसली की लोक लगेच नशेबाजांवर बोट ठेवतात. आमच्या भागात मात्र बहुतेक सुया घरातल्याच निघतात, इन्सुलिनच्या. शुगरचा पेशंट सकाळी इंजेक्शन घेतो, सुई कॅरीबॅगेत टाकतो, ती पिशवी कोपऱ्यावरच्या ढिगात जाते, कुत्री पिशवी फाडतात आणि सुई येते गटारीच्या कडेला. पेनची सुई तर ४-६ मिलिमीटरची, झाडताना दिसतही नाही. आणि टोचते कुणाला, तर झाडू मारणाऱ्या मावशीला नाहीतर भंगार वेचणाऱ्या पोराला, ज्याच्या हातात ग्लोव्हज नसतात आणि टोचलं तरी तो कुणाला सांगत नाही. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो.

आता उचलायचं कसं. आधी पोरांना लांब करा. मग डबा सुईजवळ न्या, सुई घेऊन डब्याकडं चालत जायचं नाही. डबा जाड प्लॅस्टिकचा आणि घट्ट फिरकीच्या झाकणाचा पाहिजे, फिनेलचा किंवा लिक्विड डिटर्जंटचा रिकामा कॅन मस्त चालतो, पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते. डबा जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्या हातात धरायचा नाही. लांब चिमट्यानं सिरिंज मधोमध पकडायची, टोक आपल्यापासून लांब, आणि टोकाकडून आत सोडायची. एका वेळी एकच. टोपण परत बसवायला जाऊ नका, सुई वाकवू नका, मोडू नका. साधे लॅटेक्सचे ग्लोव्हज रक्त लागू देत नाहीत पण सुई काही अडवत नाहीत, त्यामुळं ग्लोव्हज घातलेत म्हणून हातानं उचलायचं नाही. यंत्रमागाच्या कारखान्यामागं सुताच्या गुंत्यात अडकलेली सिरिंज सापडते कधीकधी, तेव्हा सूत सोडवत बसू नका, अख्खा गुंता चिमट्यानं उचलून आत टाका. डबा पाऊण भरला की झाकण घट्ट लावायचं, वर मोठ्या अक्षरात 'वापरलेल्या सुया' लिहायचं, हात साबणानं धुवायचे.

डबा द्यायचा कुठं? ओल्या-सुक्या कचऱ्यात अजिबात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतच घरातल्या वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, त्या वेगळ्याच द्यायच्या. मी तरी वस्तीतला डबा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात सिस्टरशी आधी बोलून नेऊन देते, कारण तिथं सुयांसाठी पांढरा, न टोचणारा कंटेनर असतो आणि तो पुढं बायोमेडिकल, म्हणजे दवाखान्यातल्या, कचऱ्याच्या गाडीत जातो. लसीकरणाच्या सेशनला बघा, इंजेक्शन दिलं की तिथंच हब कटरनं सुई कापली जाते, ती सवय आत्तापासूनच लावून घ्या. एखाद्या ढिगात सलाईनच्या नळ्या आणि सुया एकत्र दिसल्या तर तो घरातला कचरा नसतो, कुठल्यातरी दवाखान्याचा असतो, तो स्वतः उपसू नका, फोटो काढून महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकांना कळवा.

पण नुसत्या सुया उचलत राहिलात तर त्या संपणार नाहीत. होम व्हिजिटला शुगरचा पेशंट भेटला की "सुई कुठं टाकता आजी?" हा प्रश्न विचाराच. रागावून नाही, शेजारी बसून. आजी म्हणते, "कागदात गुंडाळून टाकते की बाई." मग तिच्याच घरातला रिकामा कॅन मागायचा, तिच्यासमोर लेबल लावायचं, पोरांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवायचा आणि पुढच्या व्हिजिटला भरला का ते बघायचं. माणसं ऐकतात, फक्त त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नसतं.

कुणाला टोचलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, ब्लीच-बिच लावू नका. आणि त्याच दिवशी सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, रात्र असली तर कॅज्युअल्टीला जा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या, पीईपी म्हणतात त्याला, डॉक्टरांना गरज वाटली तर जितक्या लवकर तितक्या चांगल्या, ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. एचआयव्हीबद्दल माहिती हवी असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. घाबरून जाऊ नका, एचआयव्ही पेशंटच्या ताज्या रक्ताची सुई टोचली तरी धोका हजारात साधारण ३ चा, रस्त्यावरच्या जुन्या सुईचा त्याहून कमी. हिपॅटायटिस बी हा लिव्हरला धरणारा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तातही ७ दिवस टिकतो आणि लस नसेल तर बाधित सुईतून १०० पैकी ३० जणांपर्यंत होऊ शकतो.

म्हणून पोस्टिंगची यादी लागायची वाट बघू नका. हिपॅटायटिस बीच्या लसीचे ३ डोस असतात, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून ६ महिन्यांनी. लहानपणी घेतलेत का ते आईला विचारा, कार्ड शोधा, नसेल तर याच आठवड्यात पहिला डोस घ्या.