डोक्याला मुका मार लागल्यावर होणाऱ्या चुका: या टाळा

दुचाकी घसरते, डोके दुभाजकावर आपटते, माणूस क्षणभर सुन्न होतो, उठून कपडे झटकतो आणि ‘काही नाही, मुका मार आहे’ असे म्हणत घरी येतो. रुग्णालयात गेलाच, तर कागदावर ‘माइल्ड हेड इंज्युरी’ असे लिहिले जाते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढच्या बहुतेक चुका ‘माइल्ड’ या शब्दाचा भलता अर्थ घेतल्यामुळे होतात.

ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या, रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. गुण १३ ते १५ असले, बेशुद्धी अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकली नाही आणि अपघातानंतरचे न आठवण्याचा काळ २४ तासांच्या आत राहिला, तर इजेला सौम्य म्हणतात. म्हणजे हे वर्णन पहिल्या दिवसाचे आहे. तीन महिन्यांनी रुग्ण कसा असेल, याविषयी ते काहीच सांगत नाही. अमेरिकेतील ट्रॅक-टीबीआय या अभ्यासाच्या २०१९ मधील निष्कर्षांनुसार सौम्य इजा झालेल्यांपैकी ५३ टक्के रुग्णांना वर्षभरानंतरही रोजच्या व्यवहारात काही ना काही अडचण जाणवत होती. डोके सोडून हाडांना मार लागलेल्यांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होते, त्यामुळे सगळाच दोष मेंदूच्या इजेवर टाकता येत नाही. शिवाय हे रुग्ण मोठ्या अपघात केंद्रांत पोहोचलेले होते, कपाटाच्या दाराला डोके आपटलेले नव्हते.

बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला धक्का (कन्कशन) बसला नाही, हा समज सर्वांत चिवट आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी गोंधळून जाणे किंवा थोडा वेळ काही न आठवणे हेही निदानासाठी महत्त्वाचे ठरते, आणि लक्षणे उशिरा दिसू शकतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासणीत उत्तीर्ण होऊन त्याच डावात पुन्हा फलंदाजीला आला; दुसऱ्या दिवशी लक्षणे दिसल्यावर त्याला सामन्यातून माघार घ्यावी लागली आणि मार्नस लाबुशेन कसोटीतील पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. पुण्यात ३१ जानेवारी २०२५ रोजी शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला, तेव्हा बदली खेळाडू मूळ खेळाडूसारखाच होता का, यावरच वाद रंगला. मैदानी संघांच्या प्रशिक्षकांनी शिकण्यासारखी गोष्ट, म्हणजे संशय आला की त्या दिवशी खेळाडूला पुन्हा उतरवायचे नाही, त्या गदारोळात मागे पडली.

सीटी स्कॅनबाबत दोन उलट चुका होतात. एकीकडे प्रत्येक टेंगळासाठी स्कॅनचा आग्रह धरला जातो. कोणाला स्कॅन हवा हे ठरवण्यासाठी २००१ मध्ये कॅनेडियन सीटी हेड रूल आला. दोन तासांनंतरही ग्लासगो गुण १५ न होणे, दोन किंवा अधिक उलट्या, ६५ किंवा त्याहून अधिक वय, कवटीच्या अस्थिभंगाची चिन्हे अशा बाबी त्यात मोजतात. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि १६ वर्षांखालील मुलांना हा नियम लावायचा नसतो. मुलांसाठी ४२,४१२ बालरुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेले वेगळे निकष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, नॉर्मल स्कॅन म्हणजे मेंदू सुखरूप असे मानले जाते. सीटी रक्तस्राव आणि अस्थिभंग शोधण्यासाठी असतो. ट्रॅक-टीबीआयच्याच प्राथमिक टप्प्यातील २०१३ च्या अभ्यासात सीटी नॉर्मल असलेल्या २७ टक्के रुग्णांच्या एमआरआयमध्ये दोष आढळले. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली जीएफएपी व यूसीएच-एल१ ही मेंदूतील प्रथिने मोजणारी रक्तचाचणीसुद्धा सीटीची गरज आहे का, एवढेच ठरवायला मदत करते; ती निर्दोष आली म्हणून कन्कशन नाही, असा अर्थ काढू नये.

घरी आल्यावरची चूक मायेपोटी होते. पडदे ओढायचे, रुग्णाला आठवडाभर झोपवून ठेवायचे, कोणाला भेटू द्यायचे नाही. अमेरिकेतील मिलवॉकी येथील २०१५ च्या अभ्यासात पाच दिवस कडक विश्रांती सांगितलेल्या मुलांनी आणि तरुणांनी एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा अधिक लक्षणे नोंदवली. अमेरिकेतीलच बफेलो येथील संशोधक गटाने २०१९ मध्ये दाखवले की लक्षणे वाढणार नाहीत अशा बेताने व्यायाम करणाऱ्या किशोरवयीन मुलांपैकी निम्मी १३ दिवसांत बरी झाली, तर केवळ अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंग) हलके व्यायाम करणाऱ्यांपैकी निम्म्यांना १७ दिवस लागले. खेळातील कन्कशनवरील आंतरराष्ट्रीय अॅमस्टरडॅम परिषदेचे २०२३ मधील मत म्हणूनच पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती आणि त्याच काळात हलके चालणे असे आहे. त्रासाला दहापैकी गुण दिले आणि ते दोनहून अधिक वाढले, तर थांबायचे. मोबाइल मात्र पहिले दोन दिवस खरोखर दूर ठेवावा: २०२१ च्या एका चाचणीत पडद्यापासून दूर राहिलेल्यांपैकी निम्म्यांची लक्षणे साडेतीन दिवसांत ओसरली, इतरांपैकी निम्म्यांना आठ दिवस लागले.

डोकेदुखीसाठी आठवडेच्या आठवडे रोज गोळी घेणे टाळावे, कारण गोळ्यांच्या अतिवापरानेच डोकेदुखी सुरू राहू शकते. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जागे करणे अवघड जाणे, एका बाजूची कमजोरी, बोबडे बोलणे किंवा नाका-कानातून पातळ पाणी येणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

घरातील वृद्धांच्या बाबतीत हिशेब आणखी वेगळा असतो. कवटीखाली हळूहळू साचणारे रक्त काही आठवड्यांनी गोंधळलेपणा, पाय ओढत चालणे किंवा अकारण सुस्ती या रूपात प्रकट होते, आणि घरचे त्याला वयाचा परिणाम समजतात. अशा वेळी महिन्याभरापूर्वी न्हाणीघरात आजोबा घसरले होते, ही ‘विसरलेली’ गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी.