पात्रता फेरीत हरलात तरी लगेच स्टेशन गाठू नका

लखनऊहून निघालेली पुष्पक दुसऱ्या दिवशी दुपारी भुसावळला थांबली होती, तेव्हा रूममेटचा मेसेज आला, 'आहेस कुठे? सकाळी तुझं नाव पुकारलं.' टेनिस स्पर्धेच्या मुख्य ड्रॉमधला एक मुलगा रात्रीतून पोट बिघडून आडवा झाला होता आणि लकी लूझरच्या, म्हणजे पात्रतेत हरूनही रिकाम्या जागी आत घेतात त्यांच्या, यादीत सगळ्यात वर मी होतो. म्हणजे असतो, तिथे हजर असतो तर. आदल्या संध्याकाळी पात्रतेचा शेवटचा सामना हरलो आणि हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचवायला गाडी पकडली. जागा यादीतल्या पुढच्याला मिळाली. तो पहिली फेरी जिंकला, त्याला जागतिक क्रमवारीचा एक एटीपी गुण मिळाला, आणि मी भुसावळची केळी खात घरी आलो.

आयटाच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, पुरुष गटात दोन-तीन वर्षं काढलेली मुलं विचारतात, 'दादा, एम-15 खेळायला सुरुवात करायचीय, काय तयारी करू?' त्यांना सर्व्हिसबद्दल ऐकायचं असतं. मी याद्यांबद्दल बोलायला लागलो की त्यांचे चेहरे पडतात.

आधी उतरंड. टीव्हीवर दिसतो तो एटीपी टूर, त्याखाली चॅलेंजर, त्याखाली आयटीएफचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे, एम-25 आणि एम-15. एम म्हणजे पुरुष, 15 म्हणजे 15 हजार डॉलर. हे अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस, एकट्या विजेत्याचं नव्हे. माझ्या काकांनी हा गैरसमज सोसायटीभर पसरवला होता. एकेरी जिंकणाऱ्याला 2,160 डॉलर, मुख्य ड्रॉच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला 156 आणि पात्रता फेरीत हरणाऱ्याला काहीच नाही. विजेत्याला 15 एटीपी गुण मिळतात, 32 जणांच्या ड्रॉमध्ये पहिला सामना जिंकणाऱ्याला एक. बाहेरून आलेल्याला त्या एका गुणासाठी आधी पात्रतेतले दोन-तीन सामने आणि मग मुख्य ड्रॉमधला एक, असे सगळे ओळीनं जिंकावे लागतात. एवढं करून तो गुण 52 आठवड्यांनी गळून पडतो.

खेळायला आयटीएफचा आयपिन हा नोंदणी क्रमांक लागतो, तो ऑनलाइन निघतो. प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या 18 दिवस आधीच्या गुरुवारी, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला संपते. नाव काढून घेण्याची मुदत त्यानंतरच्या मंगळवारी त्याच वेळी. हे दोन दिवस मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. मी एकदा मंगळवार विसरलो. एकाच आठवड्यात दोन गावं डोक्यात घेऊन बसलो होतो, शेवटी जिथे जायचं नव्हतं तिथल्या यादीत अडकलो.

यादी स्थिर नसते हे नवख्यांना उमगत नाही. मुदत संपते तेव्हा तुम्ही पर्यायी खेळाडूंत तिसावे असता. लोक गळत जातात, कुणी चॅलेंजरला जातो, कुणाचा खांदा दुखावतो, कुणाचा व्हिसा येत नाही. रोज सकाळी यादी उघडून बघायची आणि गाव गाडीच्या टप्प्यात असेल तर जाऊन उभं राहायचं. लकी लूझरचंही तसंच. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांनी रोज पहिल्या सामन्याआधी सही करून बूट घालून बसायचं. तुमची रॅकेट गटिंगला, म्हणजे नवी तार ओढायला, टाकलेली असेल आणि नाव पुकारलं, तर कुणी थांबत नाही.

बालेवाडीत 2024 च्या फेब्रुवारीत चॅलेंजर झाली, ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोनं जिंकली. अंतिम सामना अ‍ॅडम वॉल्टनशी. पुण्यातल्या किती जणांना तेव्हा त्याचं नाव ठाऊक होतं? 2025 च्या ऑक्टोबरमध्ये हाच माणूस शांघायला गेला तेव्हा 204 व्या क्रमांकावर होता आणि पात्रता फेरीतसुद्धा पर्यायी यादीत होता. जागा निघाली, आत गेला, उपांत्य फेरीत जोकोविचला आणि अंतिम फेरीत स्वतःच्या मावसभावाला हरवून मास्टर्स ही एटीपी टूरवरची मोठी स्पर्धा जिंकला. आपल्याला शांघाय मिळणार आहे असं मी म्हणत नाहीये. पण तो यादीत आपलं नाव बघून मोनॅकोला परत गेला असता तर?

पात्रता फेरीतलं टेनिस थोडं वेगळं असतं. एकेक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक. दोन तास चांगलं खेळून पाच मिनिटांत घरी, असं होतं. त्यामुळे सरावाच्या शेवटी, दमलेले असताना, मार्करला (क्लबात सरावाला खेळणाऱ्याला) किंवा जोडीदाराला सांगून रोज असे दोन टायब्रेक खेळा. खुर्चीवर पंच असेलच असं नाही, रेषेवरचे निर्णय तुम्हालाच द्यावे लागतात. समोरचा आत पडलेला चेंडू बाहेर देत असेल तर भांडू नका, फिरत्या अधिकाऱ्याला बोलावून कोर्टपाशी उभं करा. तो उभा असला की नजर एकदम सुधारते.

पैशाचं सांगतो. खोली दोघांत घेऊन, रेल्वेनं जाऊन, स्वतःच धुणं धुऊनही माझा आठवडा 20-22 हजारांच्या खाली उतरला नाही. 156 डॉलर म्हणजे साधारण 13-14 हजार रुपये. सुमित नागलनं 2023 मध्ये आपल्या खात्यात 900 युरो उरल्याचं सांगितलं होतं, आणि तो तेव्हा देशाचा अव्वल एकेरी खेळाडू होता. म्हणून एकटा आठवडा घेऊ नका. जवळजवळच्या तीन स्पर्धा सलग धरा आणि हिशेब तिन्हींचा मिळून मांडा. डबल्सला नाव घालाच, त्यात थोडे पैसे सुटतात आणि गावात राहायला कारणही मिळतं.

दोन गोष्टी मात्र कडक. सर्दीची गोळीसुद्धा बंदी असलेल्या औषधांच्या यादीत तपासल्याशिवाय घेऊ नका. आणि टेनिसवर पैज लावायची नाही, शंभर रुपयांचीही नाही. एम-15 वरही सट्टा चालतो. हरल्यावर अनोळखी माणसं इन्स्टाग्रामवर आईबहिणीवरून शिव्या घालतात, क्वचित कुणी 'एक सेट सोड' असंही विचारतो. शिव्या ब्लॉक करा, दुसरं मात्र लगेच कळवायचं, न कळवणं हाही गुन्हाच धरला जातो.

लखनऊनंतर चेन्नईत मी दोन सकाळी सही करून बसलो, कुणीही गळलं नाही. गुरुग्रामला बुधवारी सकाळी साडेनऊला नाव आलं. 6-2, 6-1 असा हरलो, 156 डॉलर मिळाले. आता परतीचं तिकीट गुरुवारच्या आधीचं काढत नाही. कधी बदलावं लागलंच, तर तो खर्च वहीत गटिंगच्या खाली लिहितो.