नेटवर्क नसलेल्या रानात झाडांची नोंद घेताना

वनस्पती सर्वेक्षणाच्या माझ्या पहिल्या हंगामात एका दिवशी मी ४७ नोंदी केल्या. संध्याकाळी लॅपटॉपवर नकाशा उघडला, तर त्यातली १८ झाडं एकाच ठिपक्यावर उभी! प्रत्यक्षात ती अर्धा किलोमीटरभर विखुरलेली होती. दाट झाडीत फोनला उपग्रहांचे संकेत नीट मिळत नव्हते आणि ॲप शेवटचं माहीत असलेलं ठिकाणच प्रत्येक नोंदीला चिकटवत राहिलं होतं. नावं बरोबर होती, फोटो चांगले होते, पण त्या झाडांपाशी परत जायची वाटच उरली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक नोंद करताना मी एकच गोष्ट तपासते: ज्यानं हे झाड कधी पाहिलं नाही, तो फक्त या नोंदीवरून त्याच्यापाशी पोचेल का?

इंटरनेट नसलं की जीपीएस चालणार नाही, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. फोन उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो, त्यामुळे बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवरही जागा कळते आणि बॅटरीही वाचते. फरक पडतो तो सुरुवातीच्या वेळेत. नेटवर्क असताना उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोन नेटवरून पटकन घेतो. नसताना ती उपग्रहांकडूनच ऐकावी लागते. एका उपग्रहाची नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगितली जाते, पण सगळ्या उपग्रहांची ढोबळ माहिती पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून झाडीत शिरण्याआधी मोकळ्या जागी दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि फोन आकाशाकडे उघडा ठेवा. आमच्या गटात हा वेळ वह्या आणि बॅटऱ्या तपासण्यात जातो.

ॲपमध्ये ठिकाणाशेजारी अचूकतेचा आकडा दिसतो, उदाहरणार्थ ६ मीटर. तो न पाहता नोंद जतन करू नका. अँड्रॉइडवर त्या आकड्याचा अर्थ असा, की खरी जागा तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. म्हणजे साधारण तीनात एकदा ती वर्तुळाबाहेरच असते. दशांशचिन्हापुढच्या लांबलचक आकड्यांवरही जाऊ नका. अक्षांशाचा पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर जेमतेम एक मीटर. त्यापुढचे अंक फोन छापतो म्हणून खरे ठरत नाहीत. मी १० मीटरच्या आत आकडा येईपर्यंत थांबते. आलाच नाही, तर जवळच्या मोकळ्या जागेत जाऊन तिथलं ठिकाण घेते आणि तिथून झाड कोणत्या दिशेला, किती पावलांवर आहे ते लिहिते. आणि अचूकतेचा आकडा नोंदीत कायमचा राहिला पाहिजे. जैवविविधतेच्या नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डार्विन कोअर या मानकात त्यासाठी वेगळा रकाना आहे.

ॲप कोणतं, यावर फार वेळ घालवू नका. क्यूफील्ड, ओडीके कलेक्ट, कोबोकलेक्ट, सगळी ऑफलाइन चालतात. नकाशावर बघत काम करायचं असेल तर मला क्यूफील्ड बरं वाटतं, कारण क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला प्रकल्प तसाच फोनवर उघडतो. पार्श्वभूमीचा नकाशा मात्र आदल्या दिवशीच फोनमध्ये उतरवा, आणि तोही कामाच्या क्षेत्रापुरताच. झूमची एक पायरी वाढवली की नकाशाचे तुकडे चौपट होतात. मग फ्लाइट मोड लावून घरातच दोन-तीन खोट्या नोंदी करून पाहा.

फॉर्ममध्ये प्रजातींची यादी आधीच भरून ठेवली की स्पेलिंगचा घोळ टळतो. पण त्या यादीत ‘ओळख पटली नाही’ हा पर्याय हवाच. प्रजातीचं नाव सक्तीचं केलेले फॉर्म मला मुळीच पटत नाहीत. दमलेला माणूस जवळचं काहीतरी नाव निवडून पुढे जातो आणि ती चूक नंतर कुणाला दिसत नाही. डेटा शेपफाइल या नकाशांच्या जुन्या फाइल-प्रकाराऐवजी जिओपॅकेज या नव्या प्रकारात ठेवा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात, आणि युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं.

फोटो किमान पाच: पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दिसेल असा एक, आणि खोडाची साल. फूल किंवा फळ असेल तर ते अर्थातच. नुसत्या पानावरून कित्येकदा वंशापर्यंतच, म्हणजे प्रजातीच्या वरच्या गटापर्यंतच, पोचता येतं, आणि तेवढंच लिहिणं योग्य.

चाललेली वाट आणि वेळही नोंदवा. नकाशावरची रिकामी जागा दोन कारणांनी रिकामी असते: तिथे ती वनस्पती नाही, किंवा तिथे आपण गेलोच नाही. वाटेची नोंद नसेल तर या दोन्हींतला फरक पुढे कुणालाच सांगता येत नाही.

परतल्यावर त्याच संध्याकाळी दोन प्रती करा. जिओपॅकेज ॲपमध्ये उघडं असताना नुसती मुख्य फाइल कॉपी केली, तर ताज्या नोंदी शेजारच्या, नावाच्या शेवटी ‘डब्ल्यूएएल’ असलेल्या फाइलमध्येच राहून जाऊ शकतात. एका सहकाऱ्याची पूर्ण दुपार अशी गेली. प्रकल्प बंद करा, मग सगळं फोल्डर उचला.

दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा कुणालाही सहज देऊ नका. आयनॅचरलिस्ट हे निसर्गनिरीक्षणं नोंदवण्याचं संकेतस्थळ धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपणहून धूसर करतं, पण तुम्ही गटात टाकलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. ऑर्किडच्या एका फोटोवरून ती जागा ओरबाडली जाऊ शकते.

त्या १८ झाडांपैकी ११ मला पुढच्या हंगामात पुन्हा सापडली, फोटोंमागे दिसणाऱ्या खडकांवरून आणि ओढ्याच्या वळणावरून. उरलेली ७ अजून त्याच ठिपक्यावर आहेत, आणि त्यांच्या अचूकतेच्या रकान्यात मी ५०० मीटर लिहिलं आहे.