फिश टँकला आठवड्याला किती वेळ द्यावा लागतो? रोजची तीन मिनिटं आणि रविवारचा अर्धा तास

आमच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस आधी टाकीसमोर उभा राहतो आणि दोन मिनिटांनी विचारतो, "ह्याला वेळ किती जातो हो?" चहा येईपर्यंत त्याला ते सगळं नको वाटायला लागलेलं असतं. कारण प्रत्येकाच्या ओळखीत असा एकजण असतोच, ज्यानं महिन्यातून एकदा अख्खी टाकी न्हाणीत नेऊन घासली, अर्धा रविवार घालवला आणि दुसऱ्या दिवशी दोन मासे मेले. पहिलं वर्षभर तो एकजण मीच होतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. दोन फुटी टाकी, आठ-दहा छोटे मासे आणि चोवीस तास चालणारा फिल्टर असेल, तर आठवड्याला मिळून तासभर. रोज तीनेक मिनिटं आणि एका दिवशी पस्तीस-चाळीस मिनिटं. ज्याला यापेक्षा जास्त वेळ लागतो, तो बहुतेक वेळा नको ते काम करत असतो. त्यातलं सगळ्यात नको ते काम म्हणजे टाकी धुणं.

टाकी का धुवायची नाही

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. अमोनिया माशाला विषारी. फिल्टरच्या स्पंजवर आणि खालच्या खडीत जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र मासा बऱ्यापैकी सोसतो. ही वस्ती बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. आपण खडी उपसून नळाखाली चोळली, स्पंज क्लोरीनच्या पाण्यात स्वच्छ धुतला, की ती वस्ती एका दुपारीत साफ. टाकी दिसायला आरशासारखी, पण माशांच्या दृष्टीनं पुन्हा पहिल्या दिवसावर. म्हणून धुतल्यावर दोन-चार दिवसांत मासे मरतात आणि आपण म्हणतो, "कालच तर साफ केली होती!"

मग उरलेल्या नायट्रेटचं काय? ते साठत जातं आणि शेवाळाचं खत होतं. रंकाळा तलावात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, का माजतं हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. सांडपाणी मिसळलं की हिरवळ फोफावते. टाकीतही तेच, फक्त इथं सांडपाणी सोडणारे मासेच असतात. ते काढायचा सगळ्यात सोपा घरगुती मार्ग: दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणं. सगळं नाही, पाव.

आता हिशोब बघा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण 56 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीसच्या आसपास. त्याचा पाव म्हणजे अकरा-बारा लिटर. एक बादली! एवढंच ओझं आहे. चार फुटी मोठी टाकी अडीचशे लिटरवर जाते, म्हणजे चार-पाच बादल्या. उलट काचेचा गोल बाऊल घेऊन "लहान आहे, काम कमी" असं समजू नका. पाणी कमी तेवढं ते लवकर बिघडतं आणि दर दोन दिवसांनी बदलत बसावं लागतं. गोल्डफिशही असाच फसवा. दिसायला गोजिरवाणा, पण घाण भरपूर. दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश ठेवले तर वर सांगितलेला तास दुप्पट धरा. गप्पी, मॉली, प्लॅटी या छोट्या माशांवर सुरुवात करा.

शनिवारी रात्री: पाच मिनिटं

माशांसाठी एक बादली वेगळी ठेवा. आमच्याकडे निळ्या बादलीवर आईनं स्वतः मार्करनं मासा काढला, कारण एकदा कपडे भिजवलेल्या बादलीतून मी पाणी टाकलं होतं आणि त्यानंतर घरात जे रामायण झालं ते पुन्हा नको होतं. साबणाचा लवलेशही कल्ल्यांना चालत नाही.

कोल्हापुरात येणारं काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं असो की जवळच्या नदीचं, शुद्धीकरण होऊन आलेल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतोच. बादली उघडी ठेवून चोवीस तास तसंच राहू दिलं तर तो बराचसा उडून जातो. एअर पंपाचा बबल सोडून ठेवला तर आणखी लवकर. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका, "जरा जास्त टाकलं तर बरं" नको. मी दोन्ही करतो. पाणी भरून ठेवतो आणि रात्री थेंबही टाकतो, कारण शनिवार रात्रीपासून रविवार सकाळपर्यंत चोवीस तास काही होत नाहीत. ज्या भागात पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथं पिण्याचं भरताना ही बादलीही त्याच वेळी भरून टाका, नाहीतर रविवारी टाकी उघडून बसाल आणि नळाला फुस्स.

बोअरचं पाणी वापरणार असाल तर एकदा ठरवा आणि तेच वापरत राहा. ते बहुधा जड असतं. मॉली-गप्पींना त्याचं वावडं नाही, पण एका आठवड्याला नळ, दुसऱ्याला बोअर असं केलं तर मासे गांगरतात.

रविवारी सकाळी

सकाळी करा, दुपारी नको. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला पोळतं, ते माशांवर ओतणं म्हणजे उकळत्यात टाकणंच. रात्रभर घरात ठेवलेली बादली आपोआप खोलीच्या तापमानाला आलेली असते.

हीटर असेल तर सगळ्यात आधी त्याचं बटण बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते. मग फिल्टर बंद. हात धुवा, पण साबण न लावता.

आतली काच घासायला जुनं एटीएम कार्ड उत्तम. कडेनं खरवडलं की हिरवा थर सोलून येतो. टाकी अॅक्रिलिकची असेल तर कार्ड नको, ओरखडे उठतात. मऊ स्पंज घ्या. भांड्याची घासणी कुठल्याच टाकीला लावू नका. समोरची आणि बाजूच्या काचा घासल्या की पुरे. मागच्या काचेवरचं शेवाळ मी मुद्दाम राहू देतो, मॉली दिवसभर तिथं चरत असतात. पाच मिनिटं.

आता सायफन. अर्धा-पाऊण इंची पारदर्शक नळी, एका टोकाला रुंद तोंड असलेली, दुकानात तयार मिळते. पेट्रोल काढतात तशी तोंडानं ओढायची गरज नाही. अख्खी नळी टाकीच्या पाण्यात बुडवून भरून घ्या, एका टोकावर अंगठा दाबा, ते टोक खाली ठेवलेल्या रिकाम्या बादलीत आणा आणि अंगठा सोडा. बादली टाकीपेक्षा खाली असली की पाणी आपलं आपण येतं. रुंद तोंड खडीत खुपसा, तपकिरी गाळ नळीतून वर उसळताना दिसेल, पाणी नितळ झालं की उचला आणि शेजारी खुपसा. हे काम करताना वेळ कसा जातो कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मला यात जरा जास्तच मजा येते. पण एका वेळी अर्धीच खडी करा, उरलेली पुढच्या रविवारी. नळी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं फोन घेऊ नका. आमच्या हॉलमधली फरशी त्या दिवशी फारच स्वच्छ पुसली गेली होती. एकूण दहा मिनिटं.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. तुळशीला, जास्वंदीला, गच्चीवरच्या कुंड्यांना घाला. त्यात नायट्रेट असल्यानं ते पातळ खतच आहे. मात्र त्या आठवड्यात टाकीत मीठ किंवा औषध टाकलं असेल तर झाडांना देऊ नका.

नवं पाणी घालण्याआधी बादलीत एक हात आणि टाकीत एक हात घाला. दोन्ही सारखंच लागलं पाहिजे. मग खडीवर एक बशी ठेवून तिच्यावर मग्यानं सावकाश ओता, म्हणजे खालचा गाळ उधळत नाही. फिल्टर सुरू करा, धार पडतेय हे डोळ्यांनी बघा, मग हीटर. बाहेरून काच पुसायची तर पाण्यात पिळलेल्या फडक्यानं. काच पुसायचा स्प्रे टाकीजवळ मारू नका. ओतणं, पुसणं, नळी वाळत घालणं यात आणखी दहा-बारा मिनिटं गेली.

दर आठवड्याला न करायचं काम

फिल्टरचा स्पंज दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आणि तोही काढलेल्या टाकीच्या पाण्यातच, दोन-चारदा पिळायचा. पाणी काळं झालं की बस. तो पुन्हा पांढरा करण्याचा हट्ट धरू नका. महिन्यातून एकदा मोटरीच्या आतला छोटा पंखा काढून जुन्या टूथब्रशनं पुसा. फिल्टर घरघरायला लागला तर दहातल्या नऊ वेळा तिथं गाळ अडकलेला असतो. टाकीत झाडं असतील तर त्याच दिवशी कात्री चालवा. महिन्याला हे सगळं पंचवीस मिनिटांचं काम.

नवी टाकी असेल तर पहिले दोन महिने वेगळे धरा. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटनं पाणी तपासा: अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या) आत. शून्य नसेल तर त्याच दिवशी पाव पाणी बदला. घडी बसली की महिन्यातून एक तपासणी पुरते.

आणि तो सकर मासा! "हा टाका, टाकी साफच करायला नको," असं सांगून तो गळ्यात मारतात. तो थोडं शेवाळ खातो हे खरं, पण फुटाहून मोठा होतो आणि जेवढं खातो त्याच्या मानानं घाणही तेवढीच करतो. वाढला की लोक तो गुपचूप रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडून येतात. परदेशी मासा आपल्या पाण्यात सोडला की इथल्या माशांच्या जागेवर आणि खाण्यावर तो हात मारतो. नको असेल तर दुकानात परत द्या.

रोजची तीन मिनिटं

मासे मोजा. एखादा कोपऱ्यात, पंख मिटून बसलाय का बघा. फिल्टर चालू आहे ना बघा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. इथं आपली पंचाईत होते. पाहुण्याला "अजून एक भाकरी घ्या की" म्हणत वाढणारी माणसं आपण, मासा काचेशी येऊन तोंड उघडतो तेव्हा हात आखडत नाही. पण मासा भूक असो-नसो तोंड उघडतोच. रविवारच्या कामातला अर्धा गाळ हा आठवडाभरातल्या त्या जास्तीच्या चिमटीचा असतो. आठवड्यातून एक दिवस उपास घाला, माशाला काही होत नाही. लाइट सहा ते आठ तासच. टायमर लावला तर तेवढीही आठवण ठेवायला नको.

पावसाळा आणि बंद पडलेली वीज

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा बादली रात्रभर निवळू द्या आणि तळातलं चार बोटं पाणी सोडून वरचंच वापरा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये महापुरात पंपिंग स्टेशनं पाण्याखाली गेली, तेव्हा कोल्हापूर शहरात नळ कित्येक दिवस कोरडे होते. तशी वेळ आली तर माशांसाठी पिण्याचं पाणी उधळू नका. खाणं एक दिवसाआड करा, तेही अगदी थोडं. खाणं कमी तर अमोनिया कमी. मुरलेली टाकी पाणी न बदलता दोन आठवडे सहज काढते.

वीज गेली तर सेलवर चालणारा छोटा एअर पंप लावा. तो नसेल तर तासाभरानं मग्यानं पाणी उचलून वीतभर उंचीवरून आठ-दहा वेळा ओता. फिल्टर चार-पाच तासांहून जास्त बंद राहिला, तर चालू करण्याआधी स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या, नाहीतर आत कुजलेलं सगळं माशांवर येतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा वाढतो. दोन फुटी टाकीला 50 वॉटचा हीटर पुरतो, काटा पंचवीस अंशांवर.

चार-पाच दिवस गावाला जाणार असाल तर धडधाकट मोठे मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देऊन जाऊ नका. आम्ही एकदा दिला होता. त्यांनी प्रेमानं सकाळ-संध्याकाळ मूठभर घातलं आणि आम्ही परत आलो तेव्हा पाणी ताकासारखं झालेलं. आठवड्याहून जास्त जायचं असेल तर दिवसाआड एकेक चिमूट अशा कागदाच्या पुड्या बांधून त्यावर तारीख लिहा, पुड्या शेजाऱ्यांकडे द्या आणि डबा कपाटात कुलूप लावून ठेवा.