निळा रेणू फेकून देण्याआधी त्यातला ब्रोमीन शोधा

ओएलईडी म्हणजे वीज दिली की उजळणारा सेंद्रिय रेणूंचा दिवा. विजेनं त्यातले रेणू दोन प्रकारच्या उत्तेजित अवस्थांत जातात: सिंगलेट २५ टक्के, ट्रिपलेट ७५ टक्के. हा हिशेब तुम्हाला पाठ असेलच. इरिडियमची संयुगं ट्रिपलेटमधूनही प्रकाश काढतात, टीएडीएफ (उष्णतेच्या मदतीनं उशिरा प्रकाश देणारे) रेणू त्यांना परत सिंगलेटकडे वळवतात. कार्यक्षमतेचं कोडं त्यामुळे बरंचसं सुटलं आहे. अडतं ते आयुष्यावर, आणि तेही निळ्यात. ४६० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा साधारण २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. असा एक ट्रिपलेट आपली ऊर्जा दुसऱ्या ट्रिपलेटला किंवा पोलॅरॉनला (विद्युतभार बसलेल्या रेणूला) देतो, तेव्हा एकाच रेणूवर ५ च्या वर ऊर्जा जमते. सेंद्रिय बंध तुटायला तीन-चारच पुरतात.

हे वाचलं की नवा माणूस लगेच नवा रेणू काढायला बसतो. जरा थांबा.

एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ९९.९ टक्के आलं म्हणजे साहित्य शुद्ध, हा समज सगळ्यात महाग पडतो. तो आकडा म्हणजे यूव्ही शोषणाऱ्या शिखरांच्या क्षेत्रफळाची टक्केवारी. जे यूव्ही शोषत नाही ते त्यात येतच नाही, आणि मुख्य शिखराच्या पोटात लपलेलंही येत नाही. सुझुकी किंवा बुखवाल्ड जोडणीत (ब्रोमीनच्या जागी दुसरा तुकडा जोडणाऱ्या अभिक्रियांत) दोनपैकी एकच ब्रोमीन बदलला गेला, की अर्धवट रेणू मागे उरतो. तो तुमच्या रेणूसारखाच दिसतो, म्हणून कॉलममध्ये चिकटून येतो आणि पुष्कळदा सब्लिमेशनमध्येही (घन तापवून थेट वाफ करून शुद्ध करताना) सोबतच उडतो. उपकरणात त्याच्यावर इलेक्ट्रॉन बसला की ब्रोमाइड सुटतं, अॅरिल रॅडिकल (रेणूचा अतिक्रियाशील तुकडा) उरतं, आणि ते शेजारच्या होस्टमधून (प्रकाश देणारा रेणू ज्यात मिसळतात त्या साहित्यातून) हायड्रोजन ओढून त्यालाही बिघडवतं. हे सगळं वीज वाहू लागल्यावर घडतं, म्हणून सुरुवातीची कार्यक्षमता छानच दिसते. मग दोष रेणूवर येतो आणि चांगला रेणू फेकला जातो.

मास स्पेक्ट्रममध्ये २ एककांच्या अंतरावर जवळपास सारख्या उंचीची दोन शिखरं दिसली तर एक ब्रोमीन उरलाय. उंची ३ ला १ असेल तर क्लोरीन. ही जोडी मुख्य शिखरापुढे दबून जाते. म्हणून अर्धवट रेणूचं वस्तुमान आधीच काढून ठेवा आणि नेमक्या त्या जागी आलेख मोठा करून पाहा. पीपीएममधला आकडा हवा असेल तर ज्वलन-आयन क्रोमॅटोग्राफी (नमुना जाळून त्यातले ब्रोमीन-क्लोरीन मोजणं) करून घ्या.

सुझुकीत शेवटी थोडं फिनाइल बोरॉनिक आम्ल घालून आणखी काही तास तापवलं तर उरलेले ब्रोमीन झाकले जातात. तयार होतं तीही अशुद्धीच, पण ब्रोमीनइतकी घातक नाही. जोडणीतलं उत्प्रेरक पॅलेडियम काढायला थायॉल सिलिका, मग टोल्युइनमधून पुनर्स्फटिकीकरण, आणि त्यानंतर तीन झोनच्या नळीत दोनदा सब्लिमेशन. पुढचा हलका पट्टा आणि बोटीतला (साहित्य तापवायच्या भांड्यातला) गाळ टाका, मधला पट्टा तेवढा घ्या. अर्धं साहित्य गेलं तरी जाऊ द्या. इथे कंजूषी करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. गाळ दर वेळी काळाच येत असेल, तर मात्र रेणू उष्णतेनं तुटतोय. निर्वात, बंद काचनळीत बाष्पीभवनाच्या तापमानाला १०० तास ठेवा आणि परत एचपीएलसी काढा.

उपकरणाबद्दल थोडक्यात. होस्टची ट्रिपलेट ऊर्जा डोपंटच्या (त्यात मिसळलेल्या प्रकाश देणाऱ्या रेणूच्या) वर हवी, सीबीपी या नेहमीच्या होस्टची २.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आहे, निळ्याला ती पुरत नाही. बोट तापल्यावर शटर बंद ठेवून दहा मिनिटं सुरुवातीची वाफ जाऊ द्या. प्रत्येक खेपेत ओळखीच्या साहित्याचं एक उपकरण बनवा, त्याशिवाय कशाचीच तुलना करू नका. त्यासाठी फिरपिक हे निळं इरिडियम संयुग निवडू नका, त्याचा पिकोलिनेट लिगँड (धातूला जोडलेला गट) चालू उपकरणातच सुटतो. दिवसागणिक वाढणारे गोल काळे डाग दिसले तर पाणी आत शिरतंय, रेणूचा त्यात दोष नाही. सगळा पिक्सेल एकसारखा मंदावला तरच रसायनाकडे वळा.

पहिल्या निळ्या उपकरणाचं आयुष्य मिनिटांत मोजावं लागलं तर खचू नका, पुष्कळांचं तसंच होतं. फक्त कमाल कार्यक्षमता विचारणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा सब्लिमेशनची नळी शेजारी बसून दाखवणारा सीनियर धरा.

एलटी९५ (तेज ९५ टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ) मोजताना घाई म्हणून ५००० निट्स (तेजस्वितेचं एकक) वर चालवून १००० निट्सचा आकडा काढतात. तेज वाढलं की आयुष्य किती वेगानं घटतं ते सांगणारा घातांक १.५ धरला तर आयुष्य ११ पट येतं, २ धरला तर २५ पट. तो घातांक आपल्याच उपकरणावर तीन वेगवेगळ्या तेजस्वितांना मोजून काढा, दुसऱ्याचा उसना घेऊ नका.

ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घालायचं असेल तर ते शेवटी. कार्बन-ड्यूटेरियम बंध सावकाश तुटतो, त्यामुळे आयुष्य खरोखर वाढू शकतं. पण साधा आणि ड्यूटेरियमवाला, दोन्ही नमुने एकाच वाटेनं बनवलेले आणि सारख्याच वेळा सब्लाइम केलेले हवेत. नाहीतर तुम्ही मोजता ते शुद्धीकरण, ड्यूटेरियम नव्हे.