डायलवरून हरवलेलं शास्त्रीय संगीताचं स्टेशन कसं शोधायचं आणि कसं टिकवायचं

न्यूयॉर्कमध्ये एफएम ९६.३ वर बीथोवन लागेना, तर डब्ल्यूक्यूएक्सआर हे तिथलं पाश्चात्य शास्त्रीय संगीताचं स्टेशन बंद पडलं असं समजू नका. २००९ साली त्याच्या मालकाने, म्हणजे न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने, ते विकलं, तेव्हापासून ते १०५.९ वर आहे, श्रोत्यांच्या देणग्यांवर. तिथला ट्रान्समीटर मात्र कमी ताकदीचा. म्हणून रेडिओ आधी खिडकीशी न्या. एरियल पूर्ण उघडा, उभी धरा, मग हळूहळू आडवी करत जा. माझ्या स्वयंपाकघरात रेडिओ फ्रिजपासून हातभर लांब सरकवला तेव्हा खरखर थांबली आणि व्हायोलिनच्या मागचा चेलो स्वच्छ ऐकू आला. किती बरं वाटलं! तरीही खरखर राहिली तर स्टिरिओ बंद करून मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) लावा. अशक्त सिग्नलला त्याने फार फरक पडतो. तेही नाही जमलं, तर इंटरनेट आहेच.

आता पैशांचं. श्रोते बहुतेक वयस्कर, जाहिरातदारांना हवेत तरुण, आणि मोठ्या शहरातली फ्रिक्वेन्सी विकली तर मालकाला भरपूर पैसा. जाहिरातींवरची स्टेशनं गेली ती अशी. सिएटलचं किंग एफएम मात्र २०११ मध्ये जाहिराती सोडून श्रोत्यांच्या वर्गणीवर आलं आणि टिकलं. वर्गणी दरमहा द्या, थोडी का असेना. मी तशीच देते, म्हणजे स्टेशनला पुढचा हिशेब मांडता येतो.

शिकागोचं डब्ल्यूएफएमटी वर्गणीसोबत जाहिरातीही घेतं, पण त्या निवेदकच वाचतात. अशा जाहिरातदाराकडे गेलात, तर 'तुमचं नाव रेडिओवर ऐकलं' हे आवर्जून सांगा.